टीपकागदावरचे ठिपके

अकोल्याच्या एका धर्मादाय दवाखान्यातल्या आयाबाईवर मी पत्रक काढलं होतं. ती रोग्यांना मारते, असं त्यात छापलं होतं. ते खोटं होतं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. पत्रकात सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यात वर छापायची असते, एवढं मी त्या धंद्यात शिकलो आहे. दवाखान्याचं नाव देत नाही, आयाबाईंचंही देत नाही. त्यांचं नाव एकदा नको तिथे पोचवलं, तेवढं पुरे.

तेव्हा मी अमरावतीच्या एका छापखान्यात टाइपाचे खिळे जुळवत होतो. वय तेवीस. दिवसा लग्नपत्रिका आणि जिनिंगची बिलबुकं जुळवायची, आणि रविवारी मालकाच्या परवानगीने आपली पत्रकं. आदल्या वर्षी पावसाळा सरल्यावर मी चांदूरकडच्या खेड्यांत हिंडलो होतो. घरोघर माणसं हिवतापाने कुडकुडत पडलेली. कोयनेलच्या, म्हणजे क्विनाइनच्या, पुड्या पोस्टात मिळत, पण पोस्ट कुठे आणि ती गावं कुठे! एका गावी एका फिरत्या कंपाउंडरला बाटलीत कोयनेल कमी आणि पाणी जास्त ओतताना मी या डोळ्यांनी पाहिलं. त्याच गावात तीन वर्षांची पोर माझ्यासमोर गेली. तिच्या आईच्या मुठीत त्याच बाटलीचं बूच होतं. परत आलो आणि पत्रक काढलं. असं काढलं की लोकांनी ते बाजारात उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि महिन्याभरात त्या गावांत पुड्या पोचल्या.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घट्ट बसली. गरिबाला औषध मिळत नाही, कारण कुणीतरी ते अडवून धरलेलं असतं. बहुतेक वेळा हे खरंच असतं. आजही मी हेच म्हणतो, आणि कुणी मला शहाणपण शिकवायला आला तर त्याला त्या बुचाची गोष्ट सांगतो. पण बहुतेक वेळा म्हणजे दर वेळी नव्हे, हे शिकायला मला माझी अक्का जवळजवळ घालवावी लागली.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ती सोळाची. मला तिनेच वाढवलं. तिचं सासर अकोल्याच्या कडेला, मोर्णा नदीच्या काठचा मळा. आम्ही माळी, तेही माळी. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती. बाजारातल्या तिच्या टोपलीपाशी गिऱ्हाइकाला घासाघीस करायला जागा नसे. भाव सांगून ती दुसरीकडे पाहायची.

कार्तिकात भाऊजींचं कार्ड आलं. हिव भरून ताप येतो, दवाखान्यात ठेवली आहे, येऊन जा. मी बडनेऱ्याला गाडी धरली आणि दुपारपर्यंत अकोल्यात होतो.

बायकांचा वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, दोन्ही भिंतींना खाटा. अक्का खिडकीजवळ. मी जवळ गेलो आणि पाहतच राहिलो. तिच्या पिंडऱ्यांवर मोहरी सांडावी तसे बारीक लाल ठिपके होते. दंडांवर जांभळे, काळेनिळे डाग, काही रुपयाएवढे, काही तळहाताएवढे. उजव्या मनगटावर तर चार बोटं ओळीने उमटलेली. हसली तेव्हा दातांच्या मुळाशी रक्ताची काळी रेघ दिसली.

"हे काय झालं?"

"काय माईत रे बाबू. ताप हाय."

तापाने कुणाच्या मनगटावर बोटं उमटतात? शेजारच्या खाटेवर पाय मोडलेली एक म्हातारी होती. ती वाटच पाहत असावी.

"त्या आयानं धरून वढलं इले. मी पायलं ना माह्या डोयानं. असं मनगट धरलं, असं!"

"वढलं नाई व माय," अक्का म्हणाली. "मले चक्कर आली होती, मी पडतच होती. तिनं धरलं म्हून वाचली, नाई तं डोस्कं फुटलं असतं."

"अक्का, घाबरू नको. खरं सांग."

"खरंच तं सांगून राहिली."

मी मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. ज्याला मार बसतो तो भीतीने मारणाऱ्याचीच बाजू घेतो, हे मी खेड्यापाड्यांत इतक्यांदा पाहिलं होतं की अक्काचं खरं बोलणंसुद्धा मला पुरावा वाटलं.

तेवढ्यात आयाबाई आल्या. पन्नाशीच्या, अंगाने जाड, कासोटा घातलेल्या, हातात पाण्याचं भांडं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ हाय वाटते. तोंड तसंच हाय. खाटीवर नका बसू, तिचं अंग दुखते." मला तो आवाज उर्मट वाटला. वऱ्हाडातच जन्मलेल्या माणसाला वऱ्हाडी उर्मट वाटावी, म्हणजे आधी मन किती बिघडलेलं असेल!

मी कंपाउंडरच्या खिडकीशी गेलो. हिवतापाचा रोगी, तेव्हा कोयनेल किती देता, असं विचारलं.

"तिचं कोयनेल बंद हाय."

"काहून?"

"साहेबानं रेघ मारली. मले नका इचारू."

त्याने कागद दाखवला. कोयनेलपुढे तांबड्या पेन्सिलीची आडवी रेघ. दुसरं कुठलं औषध लिहिलेलं, ते मला वाचता आलं नाही. डॉक्टर दोन खोल्या पलीकडे बसलेले होते. त्यांना जाऊन विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं. माळणीला कोयनेल बंद, आणि वर मार. दोन ओळी मनात जुळूनसुद्धा झाल्या होत्या.

पोस्टातून पुड्या आणल्या. आमच्याकडे कडू औषध गुळात देतात. बोराएवढी गुळाची गोळी करायची, मधे खळगा करून औषध घालायचं, वरून गूळ लिंपायचा आणि चावू न देता गिळवायचं. लहानपणी मला ताप आला की अक्का असंच द्यायची, आणि मी थुंकू नये म्हणून माझं नाक धरायची. घरचं खाणं रोग्याला द्यायला दवाखान्यात मनाई नव्हती. भाजी, भाकर, दूध, सगळ्यांचंच येई. भाजीभाकरीबरोबर गुळाचा खडा कोण पाहतो?

"कडू लागते रे," अक्का म्हणाली.

"औषध आहे. इथले देत नाहीत म्हणून मी देतो. साहेबांना सांगू नको."

"तू आणलं, मंग काय इचारू," असं म्हणून तिने पाण्याबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी देऊन दुपारी परत गेलो तर तिला पुन्हा हुडहुडी भरून गेली होती. नाकातून रक्त आलं होतं, उशीवर डाग होता. खांद्यावर नवा काळा डाग होता, काल नव्हता. वॉर्डात आयाबाईच होत्या. आता आणखी काय पाहायचं राहिलं? मी अक्काला संध्याकाळची गोळी दिली आणि तडक ओळखीच्या छापखान्यात गेलो.

पत्रकाचं नाव होतं 'दवाखाना की कोंडवाडा?' आमच्या भगिनींच्या अंगावरचे वळ कोण मोजणार, असा सवाल वर. खाली मनगटावरच्या चार बोटांचं वर्णन, बंद केलेल्या कोयनेलचं वर्णन, आणि शेवटी 'या वॉर्डातील आया' अशी मोठ्या टाइपात ओळ. नाव घातलं नव्हतं. वॉर्डात आया एकच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते दवाखान्याच्या फाटकावर वाटलं, आणि मग भाजीबाजारात एका उलट्या टोपलीवर उभं राहून वाचून दाखवलं. माझा आवाज मोठा आहे. त्या दिवशी तो फारच चांगला लागला होता.

संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या कमिटीने चौकशी होईपर्यंत आयाबाईंना वॉर्डातून काढलं. मी अक्काच्या खाटेशीच होतो. त्यांनी खुंटीवरचं लुगडं घेतलं, पितळी तांब्या घेतला. माझ्याकडे पाहिलंही नाही. जाता जाता अक्काजवळ थांबल्या.

"दाताले काडी नको लावू. ओल्या फडक्यानं पुसत जाय. एकटी उठू नको."

अक्का तोंड भिंतीकडे करून रडली. मला वाटलं, सुटकेने रडते आहे.

पाचव्या दिवशी सकाळी भाऊजी दमणी घेऊन आले. गवताची गादी, वर वाकळ. "पाहुणे, तुमचा कागद आमच्या वस्तीत सगळ्यानं वाचला," ते म्हणाले. "अशा ठिकाणी बायको ठेवतो म्हून लोक मलेच हासून राहिले. घरी नेतो." आम्ही दोघे तिला उठवायला गेलो तोच डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. पुण्याकडचे, साठीला टेकलेले, बोलणं कापल्यासारखं.

"या बाईला बैलगाडीत घालून नेलंत तर घरी पोचेपर्यंत काय होईल ते मी सांगू शकत नाही. ठेच लागली तरी आत रक्त सुटेल."

"आणि इथे मार खाऊ द्यायचा?" मी म्हणालो.

"कुणाचा मार? तुमच्या कृपेने आया परवापासून या वॉर्डात नाही. मग हे बघा." त्यांनी अक्काचं पाऊल उघडं केलं. घोट्याच्या वर ताज्या ठिपक्यांची रांग होती. "हे कालपर्यंत नव्हते. कुणी मारलं?"

मी वाकून ते ठिपके पाहिले.

त्यांनी काचेचा पेला मागवला आणि त्याचा तळ ठिपक्यांवर दाबला. "गोवर असता तर दाबल्यावर पांढरा पडला असता. हे पडत नाहीत, कारण हे रक्त नसांबाहेर आलेलं आहे." मग रक्तदाब मोजायचा पट्टा अक्काच्या दंडाला बांधला, हवा भरली आणि घड्याळ काढून उभे राहिले. पाच मिनिटं गेली. भाऊजी बैलाच्या कासऱ्यासारखं उपरणं हातात गुंडाळत होते. पट्टा सोडला, आणि कोपराच्या खाली, जिथे कुणाचं बोटही लागलं नव्हतं, तिथे आमच्या डोळ्यांसमोर बारीक लाल ठिपके उमटत गेले.

"मारलं का मी हिला?" डॉक्टर म्हणाले.

त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं. माझ्या कानाच्या पाळीला सुई टोचली आणि दर अर्ध्या मिनिटाने टीपकागदाचा तुकडा रक्ताला लावत गेले. पहिला थेंब मोठा, दुसरा लहान, असे सात ठिपके, आणि आठवा उमटलाच नाही. मग तोच प्रकार अक्काच्या खाटेशी. ठिपक्यांची एक ओळ भरली, दुसरी भरली, तिसरी सुरू झाली. एकही लहान होत नव्हता. शेवटी त्यांनी पाळी कापसाने दाबून धरली आणि माझ्या हातात कागद दिला. टीपकागद मी रोज हाताळणारा माणूस. तो कागद हातात जड लागला, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

मग परत खोलीत नेऊन सूक्ष्मदर्शकातून आधी माझं रक्त दाखवलं. तांबड्या चपट्या गोळ्यांच्या गर्दीत निळसर, अगदी बारीक ठिपक्यांचे पुंजके. टाइपाच्या पेटीत अनुस्वारांच्या घरात पडलेले असतात तसे. "या चकत्या. नस कुठे फुटली की धावत जाऊन बूच बसवतात. आता हिचं बघा." मी काच सरकवत राहिलो. तांबड्या गोळ्याच गोळ्या. एक ठिपका सापडला. मग बराच वेळ दुसरा सापडेना.

"कशाने कमी होतात?"

"पुष्कळ कशाने. हाडांच्या मगजात त्या तयार होतात. तिथे बिघाड झाला तर निघतच नाहीत. पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगली तर ती त्यांना अडकवून ठेवते. बाळंतपणात आत पू झाला, जखमेचं विष अंगात भिनलं, तर रक्तात फिरता फिरता संपतात. हिवतापात थोड्या उतरतातच, पण इतक्या नाही. आणि काही माणसांत औषधाने मरतात. दवाखान्यात पडलेल्या रोग्यात यातलं काय काय एकदम चालू असतं, म्हणून घोटाळा होतो. हिची पानथरी दोन बोटं लागते, त्याने एवढं होणार नाही. मला कोयनेलचा संशय होता. दोन दिवस कोयनेल घेतल्यावर हे ठिपके आले, म्हणून बंद केलं आणि हिवतापाला दुसरी पिवळी गोळी लावली. आठवडा होत आला. एव्हाना चकत्या वर यायला हव्या होत्या. येत नाहीत. उलट कमी होतात." ते थांबले. "म्हणजे माझा संशय चुकीचा. मग मगजच बंद पडला असेल. तसं असेल तर माझ्या हातात काही नाही."

मी उभाच होतो. कोटाच्या खिशात पुडी होती.

"बाहेरचं काही देता का तिला?"

"घरचीच भाजीभाकर," मी म्हणालो. "थोडा गूळ."

हे माझं उत्तर. शब्दाला शब्द खरं, आणि पत्रकात छापलेल्या सगळ्या खोट्यापेक्षा मोठं खोटं. त्या क्षणी मला काय वाटत होतं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. थोडं समजलं होतं. पूर्ण समजून घ्यायची हिंमत नव्हती. खिशात हात घातला असता तर बारा वर्षांच्या मुलालाही कळलं असतं, तेवढंच ते सोपं होतं.

वॉर्डात परत आलो तर अक्का कपाळ धरून पडलेली. "डोस्कं लय दुखून राहिलं, बाबू." हे ऐकताच डॉक्टरांचा चेहरा उतरला. पाठोपाठ ते मला व्हरांड्यात घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हिरड्यांतून येतं ते दिसतं. डोक्यात आलं तर दिसत नाही, आणि थांबवताही येत नाही."

व्हरांड्याच्या पायरीवर आयाबाई बसल्या होत्या. डॉक्टरांना पाहून उठल्या.

"साहेब, माही चौकशी करा. दोन दिस झाले, कोणी इचारून नाई राहिलं. मी मारलं का नाई, ते एकदा सांगून द्या, मंग मी जातो."

"आत्ता नको बाई. ती आत वाईट आहे."

"वाईट काहून? म्या गेली तवा बोलत होती ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा डॉक्टरांकडे. "कोयनेल तं तुमी बंद केलं होतं. आता काय देऊन राहिले तिले? ते गुळातलं औषध बदला बापा. ते मले चांगलं नाई वाटत."

"कुठलं गुळातलं?"

"आता मले काय माईत! उशाले मुंगळे लागले होते, म्या झाडून राहिली होती. म्हटलं, काय ठेवते व बाई इथं? तं म्हणे भाऊ गूळ देते. खाली एक तुकडा पडला होता, म्या जिभेले लावला. कडू जह्यर. म्या म्हटलं, साहेबाचंच काही असंन."

डॉक्टर वळले. मी खिशातून पुडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि व्हरांड्याच्या कठड्यावर टेकून बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती दिल्यास?"

"दिवसाला दोन. चार दिवस. आज सकाळचीही."

"मी रोज सकाळी हिच्या रक्तात चकत्या शोधत होतो," ते म्हणाले. "आणि तू रोज त्या मारत होतास."

मग कळलं ते असं. हजारांत एखाद्याच्या रक्ताला कोयनेल चालत नाही. रक्ताची त्याच्याशी एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी इवलीशी पुडीही पुरते, आणि काही तासांत चकत्या नाहीशा होतात. आदल्या वर्षीच्या तापात अक्काने कोयनेल घेतलं होतं आणि तिच्या नाकातून रक्त आलं होतं. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून कांदा फोडून हुंगवला होता. त्या वर्षी मळ्यात कोयनेल कुणी पोचवलं होतं? मीच. चांदूरकडच्या पुड्यांतल्या चार मी अक्कासाठी वेगळ्या काढून पाठवल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "मीही तुम्हाला बोलावून सांगायला हवं होतं. नुसती रेघ मारून भागत नाही." भली गोष्ट होती. पण ही वाटणी मी घेतली नाही. रेघेने माझी बहीण मरत नव्हती.

आता करण्यासारखं थोडंच होतं. कोयनेलचा कणही नको. सुई नको. अंग चेपायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, भाकर दुधात कुस्करून द्यायची. खोकला नको, कुंथणं नको, खाटेवरून उठणं तर नकोच. अक्काला वर न उठवता कूस बदलवील, खालचं कापड काढील, असा हात हवा होता. डॉक्टरांनी आयाबाईंकडे पाहिलं. कमिटीचा हुकूम होता, त्यांना वॉर्डात शिरायची बंदी होती.

"हुकूम मी बघून घेतो," डॉक्टर म्हणाले. "पण तुला यायचं नसेल तर मी काही म्हणणार नाही."

"तिनं काय केलं बिचारीनं," आयाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. माझ्याजवळून जाताना एवढंच बोलल्या, "बाजूले हो."

पाच दिवस त्या अक्काजवळ होत्या. मी खाटेपासून चार हात लांब स्टुलावर. अक्काला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डोकं जरा हलकं झालं तेव्हा मीच सांगितलं.

"म्हंजे गुळात होतं ते."

"हो."

"आन् तू हिच्यावर कागद काढला."

"हो."

"माह्यावर काढला असता तं बरं झालं असतं," ती म्हणाली. यावर आयाबाई, ज्या तिच्या तोंडातलं रक्त ओल्या कापसाने टिपत होत्या, त्या म्हणाल्या, "बोलू नको जास्त. हिरड्या फुटतीन. मंग हा पुन्हा माह्यावरच छापीन."

अक्काला हसू आलं, आणि ते तिने डोळे मिटून दाबलं. मला आलं नाही.

रोज सकाळी डॉक्टर पाळीला बारीक टोचत आणि टीपकागद लावत. कागद मी कापून ठेवत असे, तेवढंच काम माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी तीन ओळी. दुसऱ्या दिवशी तीन ओळी. तिसऱ्या दिवशीही फार फरक नाही, आणि त्या दिवशी भाऊजी दमणीचं गवत बैलाला घालून फाटकाबाहेर जाऊन बसले. चौथ्या दिवशी दुसऱ्या ओळीच्या मध्यावर ठिपके बारीक व्हायला लागले. पाचव्या दिवशी मी मोजले: चौदा. पंधरावा आला नाही. मी कागदाकडे पाहतच राहिलो. डॉक्टर म्हणाले, "आता श्वास घ्या." सूक्ष्मदर्शकात अनुस्वारांचे पुंजके दिसायला लागले होते. पिंडऱ्यांवरचे ठिपके आधी तपकिरी, मग पिवळे झाले. मनगटावरची चार बोटं सगळ्यात शेवटी गेली. ती बोटं तिला पडताना सावरणाऱ्या हाताची होती. चकत्या जागेवर असत्या तर तिथे काहीच उमटलं नसतं.

अक्का घरी गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हिने पुन्हा आयुष्यात कोयनेल घेता कामा नये, आणि वऱ्हाडात हिवताप आहे तोवर कुणी ना कुणी ते देणारच. कुठे बेशुद्ध पडली तर सांगणार कोण? मी एक चिठ्ठी छापली, मराठीत आणि इंग्रजीत: 'या बाईस कोयनेल देऊ नये. रक्तस्राव होऊन मरेल.' अक्काने ती गळ्यातल्या ताईतात घातली. आजही तिथे आहे.

पण कमिटीने आयाबाईंना परत घेतलं नाही. चौकशी झाली, त्या निर्दोष ठरल्या, आणि तरीही. बाहेर फार बोभाटा झाला आहे, म्हणाले. लोक विचारतील. माझं डोकं फिरलं. निर्दोष बाईला घरी बसवता, कारण लोक विचारतील? मी कमिटीवर पत्रक लिहायला घेतलं, आणि मजकूर घेऊन आयाबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात तूर निवडत होत्या. मी वाचून दाखवायला लागलो. दोन ओळी त्यांनी ऐकल्या.

"हे काहून आणलं?"

"तुमच्यावर अन्याय..."

"कमिटीचं मंग पाय. पैले तुह्यावालं निस्तर." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले वाचता नाई येत. बाजारातल्या बायाईले बी नाई येत. तू तवा टोपलीवर उभा राहून वाचलं, म्हून त्याईले समजलं. आता बी तसंच वाच. मी येतो संगं."

मी दुसऱ्या दिवशी छापून आणलं. छोटं पत्रक होतं. आयाने कुणाला मारलं नाही. डाग कोयनेलने आले. कोयनेल सख्ख्या भावाने चोरून दिलं. तो भाऊ मी. मोठ्या टाइपात काहीच नव्हतं.

भाजीबाजार भरला होता. अक्का शेवंतीच्या टोपलीमागे बसली होती. अजून अशक्त, पण भाव सांगून दुसरीकडे पाहत होती. मला पाहून तिने एक टोपली रिकामी केली आणि उपडी घातली. मी वर चढलो आणि वाचायला लागलो. माझा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. पहिल्या दोन ओळी पुढच्या बायकांनाही ऐकू गेल्या नसतील.

"जोरानं," आयाबाई खालून म्हणाल्या. "तवा तं लय जोरानं होता."

मी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. लोक जमले. कांदेवाला म्हणाला, "मंग पैले काहून छापलं बे?" कुणी हसलं. एका म्हातारीने काहीच समजलं नाही म्हणून तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा तिने विचारलं, "थे आया कोन होय?"

अक्का उठली. हळूहळू, टोपलीच्या काठाला धरून. तिने आयाबाईंचा हात धरून त्यांना पुढे आणलं आणि स्वतःच्या दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सरकवल्या. हात स्वच्छ होते, कुठे डाग नव्हता.

"हे होय," ती म्हणाली. "आन् जिले मारलं म्हून छापलं, ते मी."